बुरशीचे औषध आणि त्याच्या खर्चाची सोय



बेण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया केल्याशिवाय लागण करू नये, हे शेती विभागाने इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते नव्याने सांगायला नको. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डॅझिम, आणि टिपरी दहा-पंधरा मिनिटे बुडवायची. दोन मिनिटांत टिपरी बाहेर काढून ‘तेवढंच औषध वाचलं’ असे म्हणणारा शेतकरी आपल्या भागात कोणी नसेल. पण तीच बुरशी माणसाच्या अंगावर आली म्हणजे आपण नेमके तेच करतो. दोन महिन्यांचे औषध दहा दिवस घेतो आणि खाज थांबली की पाकीट कोनाड्यात ठेवून देतो.

गेल्या हंगामात कबनूरकडचे एक सभासद तोडीची चौकशी करायला गट ऑफिसात आले होते. बोलता बोलता खिशातून घडी घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी काढली. मांडीला आणि कमरेला गजकर्ण झालेले. चिठ्ठीवर दोन महिन्यांच्या कॅप्सुला लिहिलेल्या. त्यांनी दहा दिवसांच्या घेतल्या होत्या. “बाकीच्या बिल आल्यावर घेणार,” म्हणाले. बिल आले, पण ते सोसायटीच्या वसुलीत आणि खोडव्याच्या खतात गेले. तोवर घरात कारभारणीला झाले, मागावर जाणाऱ्या पोराला झाले. वर्षभरात तीनदा औषध सुरू आणि तीनदा बंद. सगळे मिळून खर्च झाला तो पुऱ्या कोर्सापेक्षा जास्त, आणि रोग आहे तिथेच.

हे गृहस्थ आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. पैशाची सोय कुठे होते याची माहिती त्यांना कोणी दिली नव्हती, एवढेच. म्हणून हा लेख.

प्रथम रोगाविषयी थोडे. पाणी पाजताना तासन् तास ओल्यात उभे राहणे, घामाने भिजलेले कपडे अंगावरच वाळणे, एकच पंचा घरात चौघांनी वापरणे, यातून गजकर्ण, नायटा, चिखल्या आणि नखांची बुरशी होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठच्या लोकांनी हे चांगलेच अनुभवले आहे. पूर्वी साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत नायटा जाई. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र देशभर या बुरशीची एक चिवट जात पसरली आहे. शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. नावात ‘इंड’ आहे तो आपल्या देशावरूनच. टर्बिनाफिन नावाची गोळी पूर्वी हमखास लागू पडे, तिला ही जात पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून डॉक्टर आता इट्राकोनॅझोलसारख्या कॅप्सुला आठवडेच्या आठवडे देतात. पायाच्या नखाची बुरशी असेल तर टर्बिनाफिनही बारा आठवडे घ्यावे लागते. औषध महाग वाटते ते एका गोळीच्या किमतीमुळे कमी, आणि लांबणाऱ्या मुदतीमुळे जास्त.

त्यात आपण एक घोटाळा करतो. दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. त्या ट्यूबमध्ये अनेकदा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली, ती याचसाठी. चाळीस-पन्नास रुपयांची ती ट्यूब पुढे हजारोंचा खर्च आणते. पिकावर फवारायचे औषध अंगाला चोळण्याचा विचारही कोणी करू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता पैशाचा मुद्दा. यात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे, मग बाकीचे सोपे जाते. बुरशीवरचे उपचार दोन जातींचे. एक ‘बाहेरचे’, म्हणजे चिठ्ठी घेऊन घरी येऊन गोळ्या खायच्या. दुसरे ‘आतले’, म्हणजे दवाखान्यात दाखल होऊन सलाईनमधून औषध घ्यायचे किंवा शस्त्रक्रिया करायची. सरकारच्या ज्या मोठमोठ्या आरोग्य योजनांची नावे आपण ऐकतो, त्या जवळजवळ सगळ्या आतल्या उपचारांसाठी आहेत. शंभरात नव्वद माणसांना लागते ते बाहेरचे औषध. म्हणून माणूस कार्ड घेऊन जातो, ‘हे यात बसत नाही’ असे ऐकून परत येतो आणि ‘योजना सगळ्या कागदावरच’ म्हणून मोकळा होतो. योजना कागदावर नसते, आपण चुकीच्या खिडकीशी उभे असतो.

बाहेरच्या औषधासाठी पहिली खिडकी सरकारी दवाखान्याची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, चाचण्या आणि औषध विनामूल्य केले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. आपल्याला जवळचे म्हणजे इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय, आपल्या तोंडी बसलेले आयजीएम. ते पूर्वी नगरपालिकेचे होते, आता राज्य शासनाकडे आहे. चर्मरोगाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते अगोदर विचारून जावे, म्हणजे खेप वाया जात नाही. कोल्हापूरला सीपीआर आहे. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून तिथे चर्मरोगाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही अगदी साधी तपासणी आहे. बुरशी आहे की दुसरेच काही, हे महिनाभराच्या गोळ्या विकत घेण्याआधी कळलेले बरे. इसबावर बुरशीचे औषध खाऊन काय मिळणार?

सरकारी दवाखान्यात लिहिलेले प्रत्येक औषध प्रत्येक वेळी साठ्यात असेलच असे नाही. तेव्हा चिडून निघून येऊ नये. डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, साठ्यातले दुसरे औषध चालेल का? आणि दोन, चालत नसेल तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहून द्याल का? ही दुसरी विनंती खासगी डॉक्टरांनाही करता येते. त्यात संकोच कशाचा? बेणे घेताना आपण जात विचारतोच की.

मूळ नाव हातात आले म्हणजे दुसरी खिडकी उघडते, ती जनऔषधी केंद्राची. ही योजना २००८ साली निघाली आणि आता गावोगावच्या बाजारपेठेत अशी दुकाने झाली आहेत. तिथे नामांकित कंपन्यांच्या मानाने औषधे निम्म्या किमतीत, काही तर त्याहूनही कितीतरी कमी किमतीत मिळतात. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन ही तिन्ही त्यांच्या यादीत आहेत. ‘जनऔषधी सुगम’ नावाचे ॲप आहे. त्यात औषधाचे नाव घातले की किंमत आणि जवळचे केंद्र दोन्ही दिसतात. घरातले शाळकरी पोरसुद्धा ते काढून देईल.

हिशेब मांडून बघा. समजा एक कॅप्सूल १५ रुपयांना आहे. रोज दोन, आठ आठवडे, म्हणजे ११२ कॅप्सुला. झाले १,६८० रुपये. घरात तिघांना झाले असेल तर ५,०४०. तीच कॅप्सूल समजा ६ रुपयांना मिळाली तर तिघांचे २,०१६. मधले ३,०२४ रुपये हे काही थोडे नव्हेत. या किमती मी हिशेबापुरत्या धरल्या आहेत, तुमच्या चिठ्ठीवरच्या खऱ्या किमती घालून पहिली गोळी घेण्याआधीच हा गुणाकार करायचा. आठ आठवड्यांचे पैसे एकदम नसतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. ‘साहेब, माझ्याजवळ आज एवढेच आहेत,’ हे सांगायला लाज वाटते, म्हणून माणूस गप्प बसतो आणि औषध मध्येच सोडतो. सांगितले तर डॉक्टर दोन आठवड्यांची चिठ्ठी करून देतील, फेरतपासणीची तारीख देतील, किंवा स्वस्तातले औषध निवडतील.

इट्राकोनॅझोलच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. या कॅप्सुलीत बारीक मण्यांसारखे दाणे असतात आणि त्यांच्या दर्जावर औषध रक्तात किती उतरते हे अवलंबून असते. म्हणून दुकान किंवा कंपनी बदलली तर नवे पाकीट डॉक्टरांना एकदा दाखवावे, आणि मधूनच परत बदलू नये. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. पित्ताची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध नीट लागत नाही, मग पैसे पाण्यात. हृदयाचा, यकृताचा आजार असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, किंवा घरातली बाई गरोदर असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे.

सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आवश्यक औषधांची नवी राष्ट्रीय यादी काढली. तिच्यात इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन या दोन्हींची भर पडली. या यादीतल्या औषधांच्या जास्तीत जास्त किमतीवर सरकारचे नियंत्रण असते. त्यामुळे पाकिटावरची छापील किंमत वाचायची सवय ठेवावी आणि पावती मागावी.

तिसरी खिडकी पुष्कळांच्या घरातच असते आणि ध्यानात येत नाही. इचलकरंजीच्या कारखान्यांत, सूतगिरणीत, औद्योगिक वसाहतीत आपली पोरे नोकरीला आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि नोंदलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजना लागू होते. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. या योजनेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात बाहेरचे औषधही मिळते. दाखल होण्याची अट नाही. कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही लाभ आहे. पोराच्या पगारपत्रकात ही कपात दिसते का ते आज रात्रीच बघा. वर्षानुवर्षे पैसे कापले जातात आणि विमा दवाखान्याची पायरी कोणी चढत नाही, अशी घरे थोडीथोडकी नसावीत.

आता आतल्या उपचारांकडे येऊ. हा प्रसंग क्वचित येतो, पण येतो तेव्हा जमीन विकायची पाळी आणतो. २०२१ सालचा मे महिना आठवा. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही माणसांना काळ्या बुरशीने गाठले. डॉक्टरी भाषेत तो म्युकरमायकोसिस. नाक, जबडा, डोळा आणि मग मेंदू अशी तिची वाट. तिच्यावरचे औषध ॲम्फोटेरिसिन-बी. साठ किलोच्या माणसाला दर किलोला पाच मिलिग्रॅम धरले तर रोज तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासाच्या सहा कुप्या, तेही आठवडेच्या आठवडे. त्या वेळी एका कुपीची किंमत सात हजारांच्या आसपास होती. एका दिवसाचे बेचाळीस हजार झाले. आपल्या एक एकर उसाचे बिल चार दिवसांतही संपले असते. शिवाय पैसे देऊनही औषध मिळत नव्हते.

तेव्हा काय काय झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. राज्य शासनाने हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेऊन उपचार मोफत केले. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्याच महिन्यात हे इंजेक्शन बनू लागले, १,२०० रुपये किमतीत. जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर काही महिन्यांसाठी शून्य केला. सात हजारांची वस्तू बाराशेत बनू शकते, हे त्या धावपळीत सगळ्यांनी पाहिले.

या विषयात महाराष्ट्र काही नवखा नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीवरचे औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते निघाले त्याच्या शास्त्रीय नावातच ‘पिंप्रिना’ आहे. पिकांच्या बुरशीवरचे ऑरिओफंगिनही त्याच कारखान्यातले. पण हे विषयांतर झाले.

जनआरोग्य योजनेसंबंधी आपल्या सभासदांत एक जुना समज घर करून आहे. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काय मिळतंय?’ एके काळी ते खरे होते. ही योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. पुढे पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना घेतले ते मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत, कोल्हापूर त्यात नव्हते. आता तसे राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना, कार्डाचा रंग कोणताही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे वेगळे वय वंदना कार्ड निघते, त्यालाही उत्पन्नाची अट नाही.

मात्र चार गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. रुग्णालय योजनेत नोंदलेले पाहिजे. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन नोंद करायची. आधी पैसे भरून मग योजनेतून परत मागू म्हटले तर ते जमत नाही, पैसे थेट रुग्णालयाला जातात. आणि सुटी मिळाल्यावर या योजनांतून थोड्याच दिवसांचे औषध मिळते. आयुष्मान भारतच्या नियमांत ते पंधरा दिवस आहेत. काळ्या बुरशीतून वाचलेल्या अनेकांना पुढे कित्येक महिने पोसाकोनॅझोलच्या महागड्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तिथे घरचे लोक पुन्हा अडकले. म्हणून सुटीच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे की पुढचे औषध किती महिने आणि ते कुठून घ्यायचे. योजनेबद्दल शंका असेल तर १५५३८८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

रुग्णालय योजनेत नसेल पण धर्मादाय ट्रस्टचे असेल, तरी वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी ठेवायचा असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो निघायला दिवस लागतात, तेव्हा दाखल झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा अगोदर काढून ठेवावा. रुग्णालयात समाजसेवक नेमलेले असतात, त्यांनाच भेटावे. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही निघत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा मार्गही आहे, पण तो ठरावीक मोठ्या आजारांसाठी, आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. नायट्याच्या गोळ्यांसाठी तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

आणि एक गोष्ट, जी आपल्या धंद्याशीच बांधलेली आहे. तोडणीच्या वेळी, पाला काढताना उसाचे पाते डोळ्याला घासते. पात्याला करवतीसारखी धार असते आणि तिच्यावर बुरशीचे बीज असते. दोन दिवस डोळा चुरचुरतो, माणूस घरात पडलेले जुने ड्रॉप घालतो. त्यात स्टेरॉइड असले तर बुरशीला मोकळे रान मिळते, बुबुळावर पांढरा डाग पडतो, आणि मग आपण म्हणतो ‘डोळ्यात फूल पडलं’. या बुरशीवर नाटामायसिन नावाचे थेंब आहेत. ते सुरुवातीला दर तासाला, पुढे आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत या थेंबांची नव्या व्होरिकोनॅझोलच्या थेंबांशी तुलना केली. तिचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि जुने नाटामायसिनच सरस ठरले. नवे औषध म्हणजे चांगले औषध, असे समजून कोणी कर्ज काढू नये. इथे पैशापेक्षा दिवस महत्त्वाचे. पाते लागल्यावर दुसऱ्या दिवशी डोळा लाल राहिला, उजेड सहन झाला नाही, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावे आणि ‘उसाचं पातं लागलंय’ हे शब्द आधी सांगावेत. त्यावरून त्यांना बुरशीचा संशय येतो. दुर्लक्ष होऊन बुबुळ बदलण्याची वेळ आली तर तो उपचार ‘आतला’ झाला, तेव्हा आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

टोळीतल्या माणसांचेही हेच. बीड-धाराशिवकडून आलेला तोडकरी इथे परका वाटतो, पण जनआरोग्य योजना राज्यभरच्या नोंदलेल्या रुग्णालयांत चालते, आणि आयजीएमचा केसपेपर काढायला कबनूरचे असावे लागत नाही. मुकादमाने आणि ज्याच्या रानात टोळी आहे त्याने एवढे सांगितले तरी पुरे. टोळीचे रेशनकार्ड बहुधा गावी राहिलेले असते, तेव्हा हंगामाला निघतानाच कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स बरोबर आणायला मुकादमांनी सांगून ठेवावे.

वर उल्लेख केलेल्या सभासदांनी शेवटी आयजीएमला घरातल्या तिघांना एकदम नेले. एकट्याने औषध घेऊन उपयोग नव्हता, दुसऱ्याकडून परत लागत होते. काही औषध तिथे मिळाले, काही जनऔषधीतून घेतले. कपडे आणि टॉवेल वेगळे केले, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. नवव्या आठवड्यात ते पुन्हा गट ऑफिसात आले, ते तोडीच्या तारखेसाठी.